विश्वेशच्या पाठीचं माप

आवडी, चेन्नई
रविवार

तीर्थरूप दत्ताजीमामांस,

तुमच्या एकुलत्या एका भाच्याचा, विश्वेशचा, वाकून नमस्कार. (वाकण्याचा मला भरपूर सराव आहे. या भाड्याच्या घराची दारं पावणेसहा फुटांची आणि मी सहा फूट चार इंच, त्यामुळे स्वयंपाकघरात जाताना मी रोज गॅसच्या शेगडीला नमस्कार करतो.) तुमचा गुडघा कसा आहे? तंजावुरात तो औषधवाला अजून कापूर घातलेलं तेल देतो का, की वारला? मागचं पत्र तुम्ही लाल शाईनं तपासून परत पाठवलंत, त्यात सव्वीस चुका निघाल्या. हे पत्र त्याहून लांब आहे, तेव्हा शाईची बाटली जवळ घेऊनच बसा.

आईनं तुम्हाला फोनवर "विश्वेश जिन्यावरून पडला" एवढंच सांगितलं असं कळलं. ते साफ चूक आहे. मी पडलो नाही. मी बसल्या बसल्या अकरा पायऱ्या घसरत खाली आलो, आणि त्याला सबळ कारण होतं. ते नीट कळावं म्हणूनच हे पत्र.

झालं असं, की आमच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातले नऊ जण ऑक्टोबरात हिमालयात पायी फिरायला जाणार आहेत. सात दिवस, आणि प्रत्येकानं आपलं सामान आपल्या पाठीवर वाहायचं. मला कोणी विचारलं नव्हतं. पण खरेदी विभागातल्या एका बाईंनी (कीर्तना नाव, दर वर्षी डोंगरात जातात, विषय निघाला म्हणून सांगितलं इतकंच) कँटीनमध्ये सहज विचारलं, "तुम्ही येता का?" आणि मी सांबारात चमचा बुडवायच्या आत हो म्हणालो. आयुष्यात मी चढलेली सर्वांत उंच जागा म्हणजे आमची गच्ची.

मग रकसॅक घ्यायला एग्मोरच्या दुकानात गेलो. तिथल्या वेंकट नावाच्या विक्रेत्यानं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्याला वेळ लागला. मग तो काही न विचारता माळ्यावर चढला आणि पंच्याऐंशी लिटरची, सर्वांत लांब पाठीची, काळी पिशवी घेऊन उतरला. "सार, तुमच्यासारख्या उंच माणसाची वाट बघत ही दोन वर्षं पडून आहे," म्हणाला. मामा, उंच माणसाशी कोणी असं बोलत नाही. एरवी सगळे म्हणतात, सार, तुमच्या मापाचं नाही. माझी पँट घोट्याच्या वर थांबते, चादर गुडघ्यापर्यंत येते, आगगाडीच्या बर्थवर मी दोन बाजूंनी उरतो. आणि इथे माझी वाट पाहणारी वस्तू! रिकामी पिशवी पाठीला लावून मी आरशात पाहिलं (छातीपर्यंतच दिसलो, आरसा संपला), आणि घेतली.

कीर्तनाबाईंनी सांगितलं होतं की घरी वजन भरून चालून पाहा. हे मी आईला सांगितलं ही पहिली चूक. तिनं चौदा किलो पोन्नी तांदूळ भरला, वर रिकामं वाटू नये म्हणून दोन किलो तूरडाळ, आणि बाजूच्या कप्प्यांत गुळाच्या छोट्या ढेपा. मी पिशवी चढवली आणि गच्चीवर गेलो, आई मागोमाग.

कमरेचा पट्टा कमरेवर बसावा अशी अपेक्षा असते. माझा घसरत घसरत मांड्यांवर जाऊन बसला. खांद्यांचे पट्टे खांद्यांना शिवतच नव्हते, वर कमानीसारखे हवेत उभे. सगळं वजन मला मागे ओढत होतं. पिशवीचं टोक माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं, त्यामुळे मान वर करायची सोय नाही, आणि छातीचा पट्टा गळ्याशी आलेला, म्हणून खालीही बघता येईना. मला फक्त समोर दिसत होतं. समोर थेट पलीकडचं अंबत्तूर गाव होतं.

वाटेत आमच्या घरमालकीण अलमेलू मामींची कपड्यांची दोरी होती ती मला दिसली नाही. दोरी पिशवीच्या टोकात अडकली. मागून काहीतरी ओढतंय असं वाटलं, पण मी समजलो हेच ते वजन, याचीच सवय करायची आहे, आणि नेटानं पुढे गेलो. दोरी तुटली. तीन नऊवारी... चुकलो, नऊवारी आपली, मामींच्या त्या नऊ गजी साड्या माझ्यामागून येऊ लागल्या. मामींनी जुन्या धोतरावर तांदळाचे वडाम पापडांसारखे वाळत घातले होते. मी त्यांवरून गेलो, मग माझ्यामागून साड्या गेल्या.

"अय्यो! हे काय चाललंय?" जिन्याच्या दारातून मामी ओरडल्या.

"हिमालयात जाणार आहे तो," आई अभिमानानं म्हणाली.

"मग आजच पाठवा," मामी म्हणाल्या. "तिथे वडाम घालत नसतील कोणी."

मी माफी मागायला वळलो. वळल्यावर पिशवीही वळते, पण जरा उशिरा आणि जास्त जोरात. तिनं मला जिन्याकडे नेलं. मांड्या पट्ट्यात आवळलेल्या, त्यामुळे पाऊल उचलेना. पहिल्याच पायरीवर मी बसलो आणि मग थांबलोच नाही. वर उल्लेख केलेल्या अकरा पायऱ्या त्या ह्याच. खाली पोहोचलो तेव्हा उलट्या कासवासारखा पडलो होतो, बक्कल अडकलेलं, आणि खरचटलेल्या पोटरीपेक्षा जास्त वाईट याचं वाटत होतं की मी रोज आठ तास कारखान्यात मापं तपासतो. केसाच्या जाडीएवढा फरक असला तरी मी तुकडा परत पाठवतो. आणि स्वतःची पाठ मी मोजलीच नव्हती.

सोमवारी कँटीनमध्ये कीर्तनाबाईंनी लंगडण्याचं कारण विचारलं, आणि पुढच्या रविवारी त्या स्वतःच टेप घेऊन आमच्या घरी आल्या. (सहकारी म्हणून. आईनं रवा डोसे केले, त्यांनी चार खाल्ले.) मामा, हे माप घ्यायची रीत तुम्हालाही उपयोगी पडेल. मान खाली घालायची, म्हणजे मानेच्या तळाशी एक हाड वर येतं. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवायचे, अंगठे मागे. मानेच्या त्या हाडापासून अंगठ्यांच्या रेषेपर्यंत जेवढं अंतर, तेवढी तुमची पाठ. माणसाच्या उंचीशी तिचा संबंध नाही. हाडापर्यंत पोहोचायला त्यांना स्टुलावर उभं राहावं लागलं, कारण त्या पाच फूट दोन इंच.

माझी पाठ सतरा इंच निघाली.

त्यांनी पुन्हा मोजली. सतरा. मग गंमत म्हणून स्वतःची माझ्याकडून मोजून घेतली. साडेसतरा.

"माझ्या मुलाची पाठ पुरती आहे," आई खवळून म्हणाली आणि शिलाईच्या डब्यातली आपली टेप घेऊन आली. तिच्या टेपेनं पावणेसतरा भरली. मग तिनं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि आणखी डोसे टाकायला गेली. म्हणजे मामा, तीस वर्षं ज्याला उंच म्हणून तुम्ही सगळे मिरवलंत, तो नुसता पायांनी उंच आहे. बसल्यावर मी मध्यम माणूस आहे. आगगाडीत बसलेले लोक मी उभा राहिलो की दचकतात, ते का, हे मला आता कळलं.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं एग्मोरला गेलो. वेंकट पिशवी बदलून द्यायला तयार होता, पण या मापाची द्यायला नाही. "सार, ती लेडीज साइझ आहे," म्हणाला, आणि हे दुकानातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. त्या मापात एकच शिल्लक होती, वांगी रंगाची, साठ लिटरची. कीर्तनाबाईंनी तिच्यात दुकानातल्या तंबूंची गाठोडी भरली, पाठीची पट्टी सरकवून लावली, आणि मग क्रमानं पट्टे ओढले: आधी कमरेचा, हाडांवर घट्ट. मग खांद्यांचे. मग छातीचा. शेवटी खांद्यावरचे बारीक पट्टे ओढायला पुन्हा स्टुलावर चढल्या.

"आता?" त्यांनी विचारलं.

मामा, वजन गेलंच. म्हणजे होतं, पण कमरेवर नीट बसलेलं, खांदे मोकळे. आजवर माझ्या अंगाला कुठलीच विकत घेतलेली वस्तू अशी बसली नव्हती. मला उगाच भरून आलं. तंबूंची गाठोडी पाठीवर घेऊन मी दुकानात सात फेऱ्या मारल्या. आठव्या फेरीला वेंकटनं पंखा बंद केला, कारण माझं डोकं त्याला लागत होतं.

घरी येताना गाडीत समोरच्या गृहस्थांनी विचारलं, बायकोचं सामान का? मी माझंच म्हणालो. आणि मान ताठ ठेवली.

मामींना वडाम करून देण्यासाठी आई रोज दुपारी गच्चीवर जाते आहे. पोटरी बरी आहे. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक,
विश्वेश

ता.क. १: कुंभकोणमचे बालाजीराव तुमच्या चांगल्या ओळखीचे आहेत ना? कीर्तना ही त्यांची नात. आपलीच माणसं, घरी मराठी बोलतात. तुम्ही आईला एक पत्र लिहून हे स्थळ तुम्हालाच सुचलं असं कळवाल का? आईला यातलं काहीच ठाऊक नाही. तुमचं ती ऐकते.

ता.क. २: पोस्टकार्डावर लिहू नका, आई वाचते. कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा. नाही, आईलाच लिहायचंय ना, मग घरीच पाठवा. पण बालाजीरावांचं नाव दुसऱ्या परिच्छेदात येऊ द्या, म्हणजे सहज वाटेल.

ता.क. ३: पाकिटाला डिंक नाही. आई भाताची शितं लावून चिकटवते आणि पोस्टात टाकते म्हणाली. तिच्याकडे देतो आहे.

अण्णास धाकट्या बहिणीचा, तुळजाचा, नमस्कार. शितं लावण्याआधी वाचलं. वेळच्चेरीहून दोन गाड्या बदलून आवडीला कोणी नुसती पाठ मोजायला येत नाही, हे मला पहिल्या डोशालाच कळलं. बालाजीरावांशी मंगळवारी बोलणं झालं. तरी तू पत्र लिही, पोराला आपण जमवलं असं वाटू दे. त्या मुलीनंही आजोबांना असंच गुपचूप पत्र लिहिलंय, त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं. तिचं अर्ध्या पानात संपलं. मुलगी मला पसंत आहे.