उतरत्या खांद्याचा कोट

जाफराबाद, चैत्र शुद्ध पंचमी

तीर्थरूप रखमाजीमामांच्या पायावर डोकं ठेवून भाचा मच्छिंद्र याचा नमस्कार. इकडं मी, मशीन अन् शेजारची कोंबडी सुखरूप आहोत (कोंबडी बेतलेल्या कापडावरच बसते, पण ते राहू द्या). तुमचा खोकला कसाय? मामीच्या गुडघ्याला एरंडाचं तेल लावून राह्यले का? तुमचं जालन्याचं दुकान सोडून मी इकडं आल्तो, त्याला दोन वर्षं झाली, अन् तुमची एक ओळबी न्हाई. निघताना तुम्ही म्हणाला होता, की मच्छिंद्रा, तुझ्या डोक्यातून आजवर एक बाही तरी निघाली का? मला ते फार लागलं होतं. कळवायला आनंद वाटतो, की आता पुरा कोट निघून राह्यला.

लोक विचारतात, एवढं सुचतं कुठून. मी गंभीर तोंड करून सांगतो. कॉलरचा बाक राजूरच्या गणपतीच्या कमानीवरून घेतला. पाठीवरची चुणी ज्वारीच्या पानावरून. बाहीचा घेर कुठून आला, ते मात्र कुणाला सांगत न्हाई (मलाच आठवत न्हाई). कारागिरानं थोडं झाकून ठेवावं, हे तुमचंच शिक्षण.

या थंडीत इथल्या चांदपाशाचा निकाह झाला. हा गडी कापसाच्या व्यापारात इतका गुंतलेला, की मापाला उभा राह्यला न्हाई, अन् मापाचा जुना कपडाबी धाडला न्हाई. मंग मी त्याच्याच अंगलटीच्या एका माणसाच्या कोटावरून शेरवानी बेतली. निकाहाच्या सकाळी त्यानं घातली, तर डावा खांदा दोन बोटं खाली. त्यानं माझ्याकडं पाह्यलं, मी आढ्याकडं पाह्यलं. उसवायला वेळ न्हाई. मंग म्हणलं, भाई, डावीकडं जरा झुकून बसा, बराबर दिसंल. बिचारा निकाह उरकेपर्यंत तसाच बसला. आतून त्याची अम्मी कमरबी रडायला लागली, की ऐन शादीत पोराचं अंग वाऱ्यानं धरलं! पण बाकीच्या पोरांना वाटलं, हैदराबादेत सध्या असंच चालत असंल. आठवड्याच्या आत चौघं दुकानात हजर, आम्हालाबी उतरता खांदा पाह्यजे. आता बाजाराच्या दिवशी अर्धं जाफराबाद डावीकडं कललेलं दिसतं. ही माझी स्वतःची कल्पना. तुम्ही आता तरी कबूल करावं, एवढंच मागणं.

तुमची आज्ञा मोडून गेलेला आज्ञाधारक भाचा,
मच्छिंद्र

ता. क. खुंटीवरचा तुमचा काळा कोट मामी दोन वर्षांपासून शोधत असंल. तो माझ्याकडं आहे. निघताना मीच उचलला. शेरवानी त्याच्यावरूनच बेतली. कॉलर, चुणी, बाही, समदं त्याच्यातलंच. राजूरची कमान मी कधी नीट पाह्यलीबी न्हाई. माय गेल्यावर तुम्ही मला घरी आणलं, अन् बाजारोबाजार कापडाचं गाठोडं डाव्या खांद्यावर वाहून मला वाढवलं. तो खांदा उतरला, तुम्ही कोट त्या मापाचा शिवला. रोज बघत होतो म्हणून मला कधी दिसलाच न्हाई. निकाहावरून घरी आलो अन् कोट मांडीवर घेऊन रडलो, मामा.

आणखी एक. वैशाखात माझं लग्न ठरलंय, आष्टीच्या दुर्गाबाईच्या लेकीशी. (पत्र खरं याच्यासाठीच लिहिलं, पण आधी हिंमत झाली न्हाई.) नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा पाह्यजे. तुम्ही न्हाई आला तर माझ्या मागं कुणी न्हाई. राग संगं घेऊन या, चालंल, पण या. तुमच्यासाठी नवा कोट शिवून ठेवलाय, डावा खांदा दोन बोटं खाली.

अन् शेवटचं. माझा लग्नाचा कोटबी त्याच मापाचा काढलाय. माझे खांदे सरळ आहेत, ते मला ठाऊक आहे. अक्षता पडेपर्यंत मीच डावीकडं झुकून उभा राहीन.