गाय नसलेली वाडी

आये, चुलीवर कात्री उकळत ठेवली आहे आणि तिच्याशेजारी बसून तुला लिहिते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, लोखंड काय शिजतंय व्हय गं. खालापूरच्या दवाखान्याची ही मागची खोली. आठवड्यातून एकदा आसपासच्या गावांतल्या सुइणी इथं येतात आणि मी त्यांना बाळंतपण कसं करावं ते शिकवते. म्हणजे तुझंच काम. तुला त्याचे मूठभर तांदूळ आणि खणाचा तुकडा मिळायचा, मला महिन्याचा पगार मिळतो, एवढाच काय तो फरक. सकाळची शिकवणी उरकली, बायका आपापल्या वाटेनं गेल्या. आज इथं जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गिळायचा नाही. तुला जाऊन कितीतरी पावसाळे झाले, तेव्हा तूच बरी.

तुझा विळा अजून डोळ्यांपुढे आहे. गवत कापायचा वेगळा आणि हा वेगळा. हा कुणी शिवायचा नाही. बोलावणं आलं की तू तो कमरेला खोचायचीस आणि हातात कळशी धरावी तसं शेणाचं गाडगं धरायचीस. आपली कपिली गाय दूध द्यायची बंद झाली तरी तू तिला विकली नाहीस ती ह्याच कामासाठी. दुसऱ्याच्या गाईचं शेण तुला चालत नसे. पोर बाहेर आलं की विळ्यानं नाळ कापायची, तिच्यावर कपिलीच्या शेणाचा लेप द्यायचा, वरून चुलीतली राख दाबायची, आणि तो विळा तसाच बाळाच्या उशाशी ठेवून यायचा. सटवाई नशीब लिहायला येते तेव्हा उशाशी लोखंड असलेलं बरं. पाचवीची पूजा झाली की घरातलं कुणीतरी विळा परत आणून देई, त्याच्यासोबत तांदूळ. कधी कधी विळा एकटाच परत येई. मग तू काही न विचारता तो धुवायचीस, वळचणीला खोचायचीस आणि मला म्हणायचीस, "सटवीनं न्येलं गं."

आपल्या गावात मरायची कारणं तरी किती होती? ताप, पटकी, देवी, साप. मामलेदाराचा कारकून घोड्यावरून यायचा आणि चावडीत बसून पाटलाला विचारायचा, कोण मेलं, कशानं मेलं. पाटील सुपारी कातरत सांगायचा, तापानं. पाण्यात बुडालेल्यालासुद्धा त्यानं एकदा तापात घातलं होतं. आणि बारशाआधी गेलेली पोरं तर तो सांगतच नसे. नाव ठेवलं नाही तर मेलं कोण म्हणून सांगायचं, असं त्याचं म्हणणं. माझ्याआधी तुझी तीन मुलं अशीच गेली. तीनही वेळा तू स्वतःच्या हातानं सगळं यथासांग केलं होतंस, कारण गावात तुझ्याहून चांगल्या हाताची सुईण दुसरी नव्हती. त्यांची नावंही नाहीत आणि चावडीत त्यांची नोंदही नाही.

आणि मग मी. माझ्या जन्माची गोष्ट तू मला सांगायचीस ती अपराध्यासारखी मान खाली घालून. भर पावसाळ्यात, पोटात मी अगदी दिवसांवर आलेली असताना तू नदीपलीकडच्या कोंडाणे गावी कुणाच्या तरी बाळंतपणाला गेलीस. जाऊ नकोस म्हणणाऱ्यांना म्हणालीस, अडल्या बाईला नाय म्हनू नये. तिथलं पार पडलं, विळा रिवाजाप्रमाणं त्या बाळाच्या उशाशी राहिला, गाडगं रिकामं झालं, आणि परतताना नदीला असा लोंढा आला की पलीकडचं आपलं गाव दिसतंय पण जाता येत नाही. तिथंच तुझ्या पोटात कळ आली. काठावर कातकऱ्यांची वाडी होती, चार झोपड्यांची. त्यातल्या एका बाईनं तुला आत ओढून घेतलं. तू कुणब्याची, ती कातकरीण. एरवी तू तिच्या हातचं पाणी प्याली नसतीस. तिनं अंगणातला हिरवा बांबू चिरला आणि त्याच्या कामटीनं माझी नाळ कापली. तुझ्या लुगड्याचा दोरा ओढून बांधली. तू शेण मागितलंस तर ती हसली म्हणे. "आमच्याकडं गायच नाय, शेन कुठनं दिऊ?" राख तर पावसानं ओली होऊन वाहून गेली होती. पाणी उतरेपर्यंत तू तिच्याच झोपडीत राहिलीस आणि मला घेऊन घरी आलीस तोवर माझी नाळ सुकून गळून पडली होती.

"तुजं काय बी करता आलं नाय गं," असं तू दर वर्षी त्या दिवसांत म्हणायचीस. "विळा नाय, शेन नाय, पाचवी पुजली नाय. उघड्यावरची पोर माजी." आणि असं म्हणून ताटात चमचाभर तूप जास्त वाढायचीस. मला ते तूप कडू लागायचं. गावातल्या पोरी मला कातकरणीची म्हणायच्या. खेळात मी जिंकायला लागले की हमखास म्हणायच्या.

एक दिवस विसरत नाही. ती बाई वर्षातून एकदा यायची, करवंदं नाहीतर मधाचं पोळं पळसाच्या पानात बांधून. अंगणाबाहेर उभी राहून विचारायची, "माजी पोर कशी हाय?" त्या दिवशी अंगणात शेजारच्या पोरी होत्या. मी गोठ्यात कपिलीच्या मागं जाऊन लपले आणि तुझ्या हाका ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बिचारी बराच वेळ थांबून गेली. तू गोठ्यात आलीस. मला वाटलं मारशील. तू म्हणालीस, "जिच्या दारात पडलीस तिला त्वांड दावायला लाजतीस, उद्या मला बी लाजशील." पुढच्या वर्षी ती आली नाही. वाडीत पटकी आली होती असं तू म्हणालीस. चावडीत तेही कुणी सांगितलं नसणार.

पुढचं तुला माहीत आहे. लग्न, मग कपाळ पुसलं गेलं, मग मामानं मला मुंबईला नेलं आणि बायकांच्या दवाखान्यात कामाला लावलं. तिथं मी लिहायला वाचायला शिकले, बाळंतपणाचं काम शिकले. आमच्या डॉक्टरीणबाई एकदा एक मूल घेऊन उभ्या राहिल्या. ते दूध ओढत नव्हतं, त्याची दातखीळ बसली होती आणि अंग कमानीसारखं ताठ झालं होतं. अशी पोरं मी तुझ्याबरोबर जाऊन पाहिली होती. मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, सटवीनं धरलंय. बाई म्हणाल्या, नाही, ह्याला धनुर्वात म्हणतात. शेणात आणि मातीत त्याचं विष असतं, ओल्या नाळेतून ते आत जातं. ह्याच्या नाळेला काय लावलं होतं विचारा. त्याची आई म्हणाली, शेण. मला एकदम कपिलीचा वास आला, आये. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. माझी तीन भावंडं एकामागून एक डोळ्यांपुढून गेली, ज्यांचं तू सगळं यथासांग केलं होतंस. आणि मी, जिचं काहीच केलं नव्हतंस, ती पायरीवर धडधाकट बसले होते.

तुला सांगावं की नाही ह्याचा मी फार विचार केला. सुट्टीला आले तेव्हा तू चुलीपुढे तांदळाच्या भाकरी थापत होतीस. सगळं ऐकलंस. हातातली भाकरी तव्यावर टाकलीस, उलटलीस, पापुद्रा आला तो पाहिलास. मग विचारलंस, "म्हंजी तिच्याकडं गाय नव्हती म्हनून तू वाचलीस?" मी हो म्हटलं. तू भाकरी काढून टोपलीत ठेवलीस आणि म्हणालीस, "माज्याच हातानं गं." एवढंच. मला वाटलं होतं तू भांडशील, म्हणशील मुंबईला जाऊन शेफारलीस. तसं म्हणाली असतीस तर मला किती सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तू घरोघर निघालीस. ज्या ज्या घरातून विळा एकटाच परत आला होता त्या त्या घरी. ओसरीवर बसायचीस आणि सांगायचीस, तुमचं पोर सटवीनं नाय, मी न्येलं. माज्या शेनानं. आणि मी, शिकलेली, पायात वहाणा घातलेली, तुझ्यामागून धावत आले. "आये, घरी चल. चार लोकांत आपली लाज काढतेस. उद्या कुणी दारात उभं करायचं नाही." तू म्हणालीस, "करूं दे नाय तर नको. पन त्येंचं पोर कशानं ग्येलं त्ये त्येंना कळाया नगं?" कुणीच तुझं खरं मानलं नाही, हे आणखी वाईट. बायका म्हणायच्या, म्हातारीला भ्रम झाला. पाटलीण म्हणाली, "तुजा हात गुणाचा, असं वंगाळ बोलू नये." लोकांनी तुला शिव्या दिल्या असत्या तर तुझं ओझं उतरलं असतं. त्यांनी तुला चहा दिला. मला मात्र, खरं सांगते, हायसं वाटलं.

त्यानंतर तू विळा उकळायला लागलीस आणि शेणाचं गाडगं फोडून टाकलंस, पण बोलावणी कमी झाली. शेण नाय लावीत म्हणे, अर्धवट काम करती म्हणे. तुझ्या शेवटच्या तापात मी उशाशी होते. तू माझा हात धरून म्हणालीस, "माजं कुनी ऐकलं नाय. तू तुजं सांग त्येना. वाडीत पडलीस, गाय नव्हती, म्हनून जगलीस. तुजं ऐकतील, तू समोर जिती उबी हायेस नव्हं." मी सांगेन म्हटलं.

नाही सांगितलं आजवर. इतकी वर्षं शिकवते आहे, पण "मुंबईच्या दवाखान्यात एक मूल होतं" इथून सुरुवात करते. आणि तुझी गोष्ट सांगते ती, "एका खेड्यात एक अडाणी सुईण होती," अशी. बायका च् च् करतात आणि मी त्यांना करू देते.

आज कुंभिवलीची एक म्हातारी पहिल्यांदाच आली होती. काटक, तुझ्यासारखीच ठाम. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, शेनाबिगर पोर जगल्यालं मी तरी बगितलं नाय. तुमची नाळ कुनी कापली?" खोलीत सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. तू म्हणाली होतीस ना, उभी राहा आणि सांग, तीच ही वेळ होती. ह्याहून सरळ कुणी विचारणार नव्हतं. पुढच्या रांगेत दोघी कुणब्याच्या बसल्या होत्या, डोईवर पदर घेतलेल्या, मला बाईसाहेब म्हणणाऱ्या. माझ्या तोंडाशी कातकरवाडी आली आणि मी म्हटलं, "दवाखान्यात."

म्हातारी हसली. "तुमच्या येळंला हिकडं दवाखाना कुठं व्हता? आसंल म्हना मुंबयला." मग पदराची गाठ आवळत उठली. "तरी म्हनलं. ह्ये दवाखान्यातल्या पोरांचं काम हाय, बाई. आमची पोरं घरात व्हत्यात, त्येना शेनच लागतंय." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. तिचं काय चुकलं? मीच तिच्या हातात दिलं ते. दारातून तिनं मागं वळून सांगितलं की ह्या महिन्यात तिची सून बाळंत व्हायची आहे, देवाच्या मनात असलं तर नातू दाखवायला आणीन.

कात्रीच्या भांड्यातलं पाणी आटत आलं, आता उतरवते. कुंभिवली इथून लांब नाही. उन्हं कलली की निघाले तरी दिवेलागणीच्या आत तिच्या ओसरीवर बसता येईल, तू बसायचीस तशी. पण म्हातारी गेल्यापासून मी हा कागद लिहीत बसले आहे, आये, कारण तुला लिहिणं सोपं आहे. माझी नाळ कुठं कापली ते तुला सांगावं लागत नाही.