चौकटीवरची हाक

१० जानेवारी ८८, रविवार
आज पुन्हा हसले सगळे. वहिनींच्या ओळखीच्या दोघी आलेल्या. मी गॅलरीत पेपर वाचत होतो. मीनू धावत आली आणि नेहमीसारखी, "अहो!" त्यातली एक पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगंबाई, ही तर बायकोच झाली की तुमची!" पोर दीड वर्षाची. काय बोलायचं अशा बाईला. काहीच बोललो नाही. कधीच बोलत नाही, तेच चुकतं.
आईने मीनूला धरलं. "बापाला अहो म्हणतात? बाबा म्हण. बा-बा."
मीनू म्हणाली, "नको."
हे नको फार छान म्हणते. मानही हलवते, पण उलटी, हो म्हटल्यासारखी.

११ जाने.
सुनंदा मला नावाने हाक मारत नसे. आमच्यात कोणाचीच बायको मारत नाही. अहो, एवढंच माझं नाव. मीनूने घरात दुसरं ऐकलंच नाही, तर काय म्हणणार? सु. असतानाच म्हणायला लागलेली. सु. हसून लोळायची. "बाबा म्हण गं, माझं काय उचलतेस?" आणि पुढच्या मिनिटाला स्वतःच, अहो.
ऑक्टोबरात सु. गेली आणि मीनूचं बोलणंच बंद झालं. मम नाही, काऊ नाही. कोपरचं घर बंद करून आईसह इथे कल्याणला दादाकडे आलो. डिसेंबरात एकदा मागून आवाज आला, अहो. पहिला परत आला तो हा शब्द. आणि हाच यांना काढून टाकायचाय.

१६ जाने., शनि.
कंपनीतून लवकर सुटलो. दार उघडं. वहिनी खाली बसलेल्या, हातात बिस्किट, वर धरलेलं. "बाबा म्हण, मग देते." मीनू रडून लाल, नाक वाहतंय. आई तांदूळ निवडत बाजूला. "लगेच देऊ नको गं, शिकेल."
पोर आहे की सर्कशीतला कुत्रा?
बिस्किट काढून घेतलं, मीनूला दिलं. उरलेला पुडा गॅलरीतून खाली फेकला.
वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी काय वाईट सांगते? उद्या शाळेत जाईल, लोक हसतील."
हसू देत. हे तोंडाने नाही म्हणालो. आत जाऊन बसलो. दादा आल्यावर, "अशोक, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" नाही. ठिकाणावर ठेवून काय करू?

२३ जाने.
नवीन: लाइट (फक्त गेली की म्हणते). पाणी म्हणजे पापी. कावळा काऊ, चिमणी काऊ, समोरच्या गच्चीवरचे काकाही काऊ. "दे" म्हणताना दोन्ही हात पुढे. मुंगीला फुंकर मारून पळवते आणि मग मुंगी गेली म्हणून रडते.
सांगायचं कोणाला? कंपनीत बाकीच्यांच्या पोरांचं कौतुक ऐकून घेतो. सु. असती तर
असो.

२६ जाने.
सुट्टी. जेवताना वहिनी, "भावजी, ती अहो माझंच ऐकून म्हणते हो. मी नाही का ह्यांना दिवसभर अहो अहो करत?" सहज म्हणाल्या. मनात काही नसेल. पण असा संताप आला! सु.च्या साड्या वाटून टाकल्या. फोटो भिंतीवर गेला. आता हेही तिचं नाही?
आणि खरं असलं तर?

३१ जाने., रवि.
नाही. वहिनींचं नाही.
कोलशेतला कंपनीत कॉम्प्रेसरजवळ इतकी वर्षं काढली, डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं. सु.ला ते ठाऊक होतं. पोळ्या लाटताना हाक मारायची तर आधी लाटण्याने दाराच्या चौकटीवर ठोकायची, मी मान वर केली की मग अहो. दादाकडे असं कोणी करत नाही. आज मीनूने पळी घेतली, चौकटीपाशी गेली. ठक ठक. थांबली. मी बघतोय ना ते बघितलं. मग, "अहो."
मी ओ दिली. चांगली मोठ्याने. आई दचकली, "एवढं ओरडायला काय झालं?"
वहिनींना बोलावून दाखवणार होतो. नाही दाखवलं. का म्हणून पुरावे द्यायचे?

७ फेब्रु.
दादाने स्थळ आणलं. खडवलीचं. बालवाडीत शिकवते, पहिलं लग्न मोडलेलं, मूल नाही. आई म्हणाली, "पोरीला आई पाहिजे. नवीन बाई अहो म्हणेल, तिचं तिला शोभेल. पोरगी आई-बाबा शिकेल. सगळं सुरळीत होईल."
सुरळीत! आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडलो. "काविळीची माळ डोक्यावर घालून बसवलीत सुनंदाला. माळ खाली उतरली की कावीळ उतरते, डॉक्टर कशाला. तेव्हाही सगळं सुरळीतच होणार होतं!"
आई उठली. फोटोपुढची मेणबत्ती सरळ करत राहिली. सरळच होती ती.
मीनू दाराआडून बघत होती. हा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला. हा नको शिकायला.
दादाच्या शब्दाखातर जाणार आहे. फक्त बघायला.

२१ फेब्रु., रवि.
खडवलीला जाऊन आलो. दादा, आई, मी, मीनू. पोहे, चहा. मुलीचं नाव शैला. प्रश्न सगळे आईनेच विचारले. मीनू माझ्या मांडीवरून उतरली, बशीतला चमचा घेतला, त्यांच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर ठक ठक. "अहो!"
शैलाचे वडील हसले. आई घाईघाईने, "शेजारच्यांचं ऐकून बोलते हो. सोडवतोय आम्ही सवय."
शेजारच्यांचं!
मी म्हणालो, "तिच्या आईचं आहे."
 माझाच आवाज मला मोठा वाटला. मग शैला म्हणाली, "तर तिचंच राहू द्या ना. मी नावाने हाक मारीन. अशोक. चालेल?"
तिच्या वडिलांना ठसका लागला.
परतीच्या गाडीत आई, "अजून हळद नाही लागली आणि नवऱ्याला नावाने! वर चालेल का विचारते!" दादा, "आई, हळू. लोक ऐकतायत."
मलाही राग आला होता, पण नावाचा नव्हे. घरच्यांना इतक्या दिवसांत जे कळलं नाही ते या परक्या बाईला चहा संपायच्या आत कळलं. आणि तिला वाईट म्हणायची सोयही तिने ठेवली नाही.

४ मार्च
मीनू "बाबा" म्हणाली.
कोणी शिकवत नव्हतं. मी चपला काढत होतो, समोर येऊन उभी राहिली. बाबा. स्पष्ट. वहिनींनी टाळ्या वाजवल्या, डोळ्यांत पाणी आलेलं त्यांच्या. आईने उचलून मुके घेतले. गोड म्हणते. दुसऱ्या बा-च्या आधी ओठ जरा जास्त वेळ मिटून ठेवते, काहीतरी लपवल्यासारखे. कुठल्याही बापाला आनंद झाला असता.
मला ओ देता आली नाही. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा. शेवटी हं म्हणालो.
एवढ्याशा पोरीवर राग काढला मी. बाकी कोणावर निघाला नाही म्हणून.

१० मार्च
बाबा, बाबा, दिवसभर बाबा. अहो नाही. काल पळी मुद्दाम तिच्या हाताशी ठेवली. तिने पातेलं बडवलं.
दादा, "खडवलीवाले निरोपाची वाट बघतायत. हो की नाही, काहीतरी सांग." आई आता नको म्हणते. मी काय म्हणतो ते मला माहीत नाही.

१३ मार्च, रवि. कोपर
घर उघडलं. दादा म्हणतो भाड्याने देऊन टाक. कोणाला न सांगता मीनूला घेऊन आलो. सगळीकडे धूळ. स्वयंपाकघरात पोळपाट भिंतीला टेकलेलं, शेजारी लाटणं. साड्या वाटल्या त्यांनी, हे राहिलं.
लाटण्याने चौकटीवर ठोकलं. ठक ठक.
मीनू जमिनीवर खेळत होती. मान वर केली. माझ्याकडे नाही बघितलं. स्वयंपाकघरात बघितलं. बराच वेळ.
मग दोन्ही हात पुढे. "दे."
दिलं.
आता मी बाहेरच्या खोलीत तिच्याकडे पाठ करून बसलोय, चांगला कान तिच्या बाजूला ठेवून. हाताला काम हवं म्हणून लिहितोय. ती लाटणं घेऊन चौकटीपाशी उभी आहे, सावली इथपर्यंत आलीय. बाबा म्हण, अहो म्हण, काय म्हणायचं ते तूच ठरव. या खेपेला ओ देईन.
अजून ठोकलेलं नाही.