गाडी पाणी प्यायला थांबायची

रविवार, २३ नोव्हेंबर. सुरत

गावाकडं बायकोला फोन लावला होता, सुरेखानं आज तो मधीच ठेवला. "जेवलीस का, बरी हायस का, एवढंच इचारता आन ठिवता," म्हणाली. खरंच आहे. पण माझा जीव एका जागी थांबतच नाही. काय बोलावं तेही सुचत नाही.

मग आज्याला लावला. तो बार्शीच्या छोट्या रेल्वेगाडीच्या इंजनात कोळसा टाकायचा. त्याला सगळं सांगितलं तर हसला.

"लेका, कोळशाचं इंजन टाकीखाली पाणी प्यायला थांबायचं. तेवढ्यात तुजी आजी भाकर घिऊन यायची. बोलत न्हवतो, नुस्तं शेजारी बसायचो. मग डिझेल आलं. त्येला पाणी लागंना. गाडी तिच्या म्होरून निघून जायची, मी नुस्ता हात हलवायचो. लई रुसली व्हती. तू बी डिझेल झालास."

पाणी प्यायला थांबायचं. तेच डोक्यात फिरतंय. बोलतसुद्धा नव्हते म्हणे.

आत्ताच सुरेखाला परत लावला. म्हणलं, बोलू नको, फोन चुलीपाशी ठेव, तुझं काम कर. ती भाकरी थापत राहिली, मी ऐकत राहिलो. लई वेळानं म्हणाली, "हाय का तुमी?"

म्हणलं, हाय.