जस्ताच्या चार वड्या झिजल्या नाहीत याबद्दल

प्रति,
मा. अधीक्षक,
जलसुरक्षा व बचाव विभाग,
मुख्य कार्यालय, पहिला मजला.

अर्जदार : फिटर, बोट कार्यशाळा, खाडीच्या तोंडावरील बचाव केंद्र.

विषय : बचाव केंद्राच्या जेट बोटीवरील जस्ताच्या चार वड्यांचा रंग काढून त्यांना झिजू देण्याबाबत, तसेच बोटीचा मोडलेला भाग सोमवारच्या आत बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले 'झीज प्रतिबंध' हे परिपत्रक. २) अर्जदारास मिळालेले प्रशस्तिपत्रक. ३) बुधवारी जिन्यात आपण अर्जदाराची केलेली तोंडी कानउघाडणी.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, याच विषयावरचा हा चौथा अर्ज आहे. आधीचे तीन आवक खिडकीवरूनच परत आले, कारण खिडकीवर 'खाडाखोड असलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही' अशी पाटी आहे आणि अर्जदाराचा हात पान्याला सरावलेला आहे, पेनाला नाही. सबब, या अर्जात जे एकदा लिहिले गेले ते तसेच राहील. मध्येच कुठे सूर चढलेला दिसल्यास तो खोडता आला नाही, एवढेच समजावे.

१. अर्जदार गेली बावीस वर्षे या केंद्रात फिटर आहे. केंद्रात जेट बोट एकच. तिला बाहेर पंखा नसतो. ती पोटाखालून पाणी ओढते, आतल्या पंख्याने ते मागच्या तोंडातून जोरात फेकते आणि त्या जोरावर पुढे जाते, म्हणून गुडघाभर पाण्यातही चालते. तिला ब्रेक नाही. थांबवायची तर मागच्या तोंडावर एक झाकण खाली पाडावे लागते, म्हणजे पाणी उलटे पुढे फेकले जाते आणि बोट थांबते. झाकण पडले नाही तर बोट थांबत नाही. हे इथेच सांगून ठेवले आहे, कारण पुढे त्याची गरज लागणार आहे. बोटीचा चालक हा अर्जदाराचा सख्खा धाकटा भाऊ आहे. त्याला सगळे केंद्र धाकटा म्हणते, म्हणून या अर्जातही तेच नाव ठेवले आहे.

२. बोटीचे मागचे तोंड अॅल्युमिनियमचे, दांडा आणि बोल्ट स्टीलचे. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना चिकटून बसले की पाणी त्यातल्या अॅल्युमिनियमला खायला उठते. पाण्याला काहीतरी खायला हवेच, ते उपाशी राहत नाही. म्हणून बोट बनवणाऱ्यांनी तिच्या मागच्या अंगाला जस्ताच्या चार वड्या लावून दिल्या आहेत, साबणाच्या वडीएवढ्या, उघड्या. पाणी आधी जस्त खाते आणि बोटीला सोडते. वडी संपत आली की नवी लावायची. वडी झिजली म्हणजे तिने तिचे काम केले. यापलीकडे त्यात काही गूढ नाही. बोटीसोबत आलेल्या पुस्तकात पान एकतीसवर चित्र काढून दाखवले आहे. त्याची एक प्रत कार्यशाळेत आहे, दुसरी आपल्या कपाटात आहे आणि तिचे वेष्टन अजून फाडलेले नाही.

३. विभागाच्या भांडारात असा नियम आहे की जुना भाग वजन करून परत दिल्याखेरीज नवा मिळत नाही. नियम चांगला आहे, पितळेच्या नळांसाठी केलेला आहे. भांडारपालांना आम्ही तराजूमामा म्हणतो, त्यांचाही राग नाही. दोन वर्षांमागे अर्जदार जुन्या वड्या घेऊन त्यांच्याकडे गेला. दिल्या होत्या चार किलो, भरल्या एक किलो शंभर ग्रॅम. मामांनी तराजू झटकला, पुन्हा भरल्या, पुन्हा तेच. मग चष्म्यावरून बघत विचारले, "उरलेलं जस्त कुठाय?" अर्जदार म्हणाला, "पाण्यात." मामांनी नोंदवहीत लिहिले : 'दोन किलो नऊशे ग्रॅम जस्त पाण्यात टाकल्याचे फिटरने कबूल केले.'

४. त्यानंतर तीन सदस्यांची चौकशी समिती नेमली गेली. समितीने दोन दिवस धक्क्यावर बसून पाण्याकडे पाहिले. एका सदस्याने गळ टाकून पाहावे अशीही सूचना केली. अर्जदाराचा डबा रोज फाटकावर उघडला जाऊ लागला. जस्त चोरून त्याचे करायचे काय, हे समितीलाही सुचले नाही, अर्जदारालाही नाही. तरी ठपका बसायचा तो बसलाच. बावीस वर्षांत ज्याने ग्रीसचा रिकामा डबाही घरी नेला नाही, त्याच्या सेवापुस्तकात 'अपहार' हा शब्द आला. अर्जदाराला त्याचे फार वाईट वाटले. पण नव्या वड्या मिळाल्या, बोट धडधाकट चालली.

५. मग आपण स्वतः लक्ष घातलेत. त्याबद्दल आभार मानावेत असे अर्जदाराला अनेकांनी सुचवले आहे. दौऱ्यावर आलात, भांडारात जमा केलेल्या जुन्या वड्या पाहिल्यात, त्यांना पडलेले खड्डे पाहिलेत आणि म्हणालात, "अरे, रंग का नाही दिलात? गंजावर रंग, हे कुणालाही कळतं." अर्जदाराने जागच्या जागी सांगितले की साहेब, हिला रंग दिला तर हिचा उपयोगच गेला, ती उघडीच हवी. त्यावर आपण हसलात आणि मागे उभ्या असलेल्यांकडे पाहिलेत. मग तेही हसले. चौथ्या दिवशी परिपत्रक आले. नुकत्याच लावलेल्या नव्या वड्यांना केशरी रंगाचे दोन हात द्यावेत, रंगावर विभागाचा शिक्का मारावा, आणि शिक्का खरवडणे म्हणजे विभागाच्या मालमत्तेचे नुकसान समजण्यात येईल. रंग अर्जदाराकडूनच लावून घेतला. असे विपरीत काम अर्जदाराने जन्मात केले नव्हते. रंग मात्र सुरेख बसला, हाताचा गुण जात नाही.

६. वर्षाने त्याच वड्या तराजूवर चढल्या. चार किलो साठ ग्रॅम! म्हणजे झीज तर नाहीच, उलट साठ ग्रॅम वाढ. वाढ रंगाची होती, पण विचारतो कोण? आपण सभागृहात अर्जदाराला पुढे बोलावून प्रशस्तिपत्रक दिलेत. त्यात 'अर्जदाराच्या वर्तनात झालेली लक्षणीय सुधारणा' असे शब्द आहेत. टाळ्या झाल्या. त्याच वड्या, नव्यासारख्याच आहेत म्हणून, परत बोटीला लावल्या गेल्या. घरी आल्यावर अर्जदाराच्या बायकोने कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "तुम्ही चोर होतात तेव्हा बोट धड होती." बाईमाणूस कार्यशाळेत कधी पाऊल ठेवत नाही, पण तिला हे कळले. (हे वाक्य खोडायचे होते.)

७. कारण तोवर पाण्याने आपले जेवण दुसरीकडे शोधले होते. तोंडावर, बोल्टांच्या बुडाशी, झाकणाच्या कानांवर पांढरी भुकटी धरू लागली. अॅल्युमिनियमचा गंज पांढराच असतो. अर्जदाराने मासिक तपासणी पत्रक भरून पाठवले, ते परत आले, कारण पत्रकात 'गंजाचा रंग' या रकान्यात 'लाल' आणि 'तपकिरी' एवढेच पर्याय आहेत. पांढरा म्हणजे गंज नव्हे, असा शेरा होता, आणि धक्का झाडणाऱ्या बाईंना भुकटी सांडल्याबद्दल समज दिली गेली. बाईंनी येऊन अर्जदाराला जे सुनावले ते या अर्जात लिहिण्याजोगे नाही.

८. अर्जदाराने जमेल ते केले. नायलॉनच्या ब्रशने भुकटी काढली. तारेचा ब्रश वापरला नाही, कारण त्याचे लोखंडी कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि दुखणे वाढवतात. बोल्टाखाली रबरी वायसर घातले, ग्रीस भरले. प्रत्येक फेरीनंतर बोटीला गोड्या पाण्याने धुणे आवश्यक असते, पण धक्क्यावरचा गोड्या पाण्याचा एकमेव नळ आपल्या दालनाबाहेरच्या कुंड्यांसाठी राखून ठेवलेला आहे. अर्जदार आणि धाकटा घरून दोन कॅन भरून सायकलवर आणत असत. कुंड्या छान फुलल्या आहेत.

९. गेल्या मंगळवारी दुपारी धाकट्याने उलटलेल्या होडीतून एक बाई आणि तिचे म्हातारे वडील उचलले आणि तो परत निघाला. पुलाच्या खांबाजवळ वळताना वेग कमी करायला झाकण पाडायला गेला. झाकण पडले नाही. ज्या कानात ते अडकवलेले असते तो कान भुसभुशीत होऊन बिस्किटासारखा तुटला. बोट खांबाकडे निघाली. धाकट्याने सुकाणू सगळे फिरवले आणि त्या दोघांची बाजू वाचवून स्वतःची बाजू खांबावर घातली. ते दोघे सुखरूप आहेत. धाकट्याचा खांदा निखळला. अहवालात कारण लिहिले आहे, 'चालकाची बेफिकिरी'. खांदा बसवला आहे आणि येत्या सोमवारी त्याने त्याच बोटीवर हजर व्हावे असा आदेश निघाला आहे. कानाच्या जागी तार बांधून वर केशरी रंग दिला आहे.

मी त्याला पोहायला शिकवले आहे, साहेब. तो माझा भाऊ आहे. (अर्जदाराचा, असे वाचावे.)

१०. मोडलेला भाग, म्हणजे तो तुटलेला कान, घेऊन अर्जदार भांडारात गेला. नवा भाग फळीवर आहे, अर्जदाराने डोळ्यांनी पाहिला. मामांनी मोडका भाग तराजूवर ठेवला. तीनशे चाळीस ग्रॅम कमी. वास्तविक हाच भाग अर्जदाराने दोन महिन्यांपूर्वी उतरवून मुद्दाम तराजूवर नेला होता, की बघा, वडी झिजत नाही म्हणून बोट झिजते आहे. तेव्हा मामा म्हणाले होते, "हा भाग वजनाच्या यादीत नाही." आता तो यादीत आहे, कारण आता तो मागितला आहे. तूट असताना नवा भाग देता येत नाही. बुधवारी अर्जदार हे सांगायला जिन्यात आपणास आडवा आला, तेव्हा आपण म्हणालात की पुन्हा ढिलाई सुरू झालेली दिसते, आणि प्रशस्तिपत्रक काढून घ्यायला वेळ लागणार नाही.

११. तराजूमामा वाईट माणूस नाहीत. बुधवारी संध्याकाळी कुलूप लावताना ते अर्जदाराला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, भुकटी, खारं पाणी, पान एकतीस, कुणी वाचणार नाही. तूट कुणाच्या तरी नावावर पडली की फाईल बंद होते, आणि फाईल बंद झाली की भाग त्याच दिवशी हातात. नियमात खरेपणाला रकाना नाही, कबुलीला आहे."

१२. तरी उपरोक्त परिस्थितीचा पूर्ण विचार करून अर्जदार याद्वारे लेखी कबूल करतो की, जेट बोटीच्या मागच्या भागातील तीनशे चाळीस ग्रॅम अॅल्युमिनियम त्याने चोरले. दोन वर्षांपूर्वीचे दोन किलो नऊशे ग्रॅम जस्तही त्यानेच चोरले होते, आणि पाण्याचा त्यात काही हात नव्हता. वर्तनातील लक्षणीय सुधारणा ही दिशाभूल होती. अर्जदार सुधारलेला नाही.

सबब विनंती की :
(अ) ही कबुली आजच नोंदवून मोडलेल्या भागाऐवजी नवा भाग शनिवारी अर्जदाराच्या हाती द्यावा. तो एका दिवसात बसवता येतो. रविवारी सुट्टी असली तरी अर्जदार येईल. चोराला सुट्टी नसते.
(आ) शिक्का मारलेल्या चार केशरी वड्या जमा करून घ्याव्यात आणि चार नव्या, उघड्या, बिनरंगाच्या द्याव्यात.
(इ) आणि यापुढे दरवर्षी सुमारे तीन किलो जस्त चोरण्याची अर्जदारास कायमस्वरूपी परवानगी द्यावी. त्यापेक्षा कमी चोरले गेल्यास अर्जदाराची अवश्य चौकशी व्हावी, कारण त्या वर्षी पाणी दुसरे काहीतरी खात असेल.

यापैकी काहीच शक्य नसल्यास, सोमवारी सकाळच्या पहिल्या फेरीला आपण स्वतः बोटीत पुढच्या बाकावर बसावे. पुलाचा खांब तिथून चांगला दिसतो.

विश्वासू म्हणवून घेण्याचा हक्क वरील कबुलीने गेला, म्हणून नुसताच नम्र,

(सही)
फिटर, बोट कार्यशाळा
शुक्रवार, दुपार. खिडकी चारला बंद होते.

सोबत :
१) प्रशस्तिपत्रक, मूळ प्रत, काचेसह परत.
२) पांढरी भुकटी, काडेपेटीत. रंग तपासून पाहावा.
३) कबुलीजबाब, तीन प्रतींत, खाडाखोड नसलेला. धाकट्याने डाव्या हाताने साक्षीदार म्हणून सही केली आहे. उजवा अजून उचलत नाही.