वास सुटला की

९ डिसेंबर, वरचा निवारा

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

हंगाम उघडला रे बाबा एकदाचा. निवाऱ्यामागच्या संडासाचा वास गेला, पिंपातलं पाणी तळापर्यंत गोठलं आणि धबधबा कड्याला चिकटून उभा राहिला. म्हणजे आता तुझे ते बर्फावर चढणारे भक्त येणार आणि मी त्यांची घाण काढणार. आलेच आहेत मेले. ओले मोजे माझ्या सुपाच्या पातेल्यावर वाळत घालतात. शी! संडास बांधून दिलाय, पण चढाई सोडून धबधब्याच्या पायथ्यापासून इथवर कोण येतो? तिथेच दगडाआड बसतात. वरून बर्फ पडलं की झालं स्वच्छ. लोक त्या पांढऱ्याशुभ्र पायथ्याचे फोटो काढतात आणि मला बघून मळमळतं.

तुझ्या टोळीतले ते दातांचे डॉक्टर तर माझ्या डोक्यातच गेलेत. झोपायच्या आधी चादर हुंगतात, उशी हुंगतात. परवा चमचा हुंगला! दिवसभर लोकांच्या किडक्या दाढा उपटणाऱ्या माणसाने माझ्या चमच्याला नाक मुरडावं?

आईला सांग, मी बरी आहे. तू वर येशील तेव्हा बाहेर पाय धुतल्याशिवाय आत घेणार नाही, भाऊ असलास तरी. लोभ आहेच, पण लांबून.

तुझी,
ताई

२२ डिसेंबर, घर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आम्ही पोट धरधरून हसलो. आई म्हणाली, ही लहानपणी दुधावरची साय बघून घर सोडून पळायची, आता या पाहुण्यांपासून पळून जाणार कुठे? बर्फ यंदा काय सुरेख धरलंय! कुऱ्हाड मारली की टणटण वाजतं. वासाचं मात्र मला सांगू नकोस. त्या मोठ्या तापानंतर माझं नाक कामातून गेलं ते गेलंच, आणि वाटाड्याच्या धंद्यात ते बरंच आहे. डॉक्टरांवर डाफरू नकोस. माणूस किरकिऱ्या आहे, पण दोर नीट बांधतो. हंगामाच्या शेवटी मित्रांना घेऊन पुन्हा येणार म्हणतोय.

रागावलीस तरी लिहीत जा. तुझा राग वाचायला आवडतो.

तुझा लाडका,
धाकटा

५ मार्च, वरचा निवारा

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

वास सुटला. काल दुपारी धबधब्याकडून वारा आला आणि तोंडातला घास तोंडातच राहिला. हिवाळाभर झाकलेलं सगळं उघडं पडतंय. बर्फ बाहेरून अजून जाडजूड दिसतं, पण त्याच्या पोटात पाणी फिरायला लागल्याशिवाय ही घाण सुटत नाही. दर वर्षी वास आला की थोड्याच दिवसांत धबधबा कोसळतो, हे तू लहान असल्यापासून बघतोयस. तेव्हा हंगाम संपला. कोणाला आणू नकोस, तूही येऊ नकोस. यावेळी कानाडोळा केलास तर माझ्याशी गाठ आहे.

फोनची तार जानेवारीत तुटली ती अजून कोणी जोडलेली नाही, म्हणून सामानवाल्याबरोबर हे पत्र पाठवतेय. पोचल्याचं लगेच कळव.

तुझी,
ताई

१० मार्च, घर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या नाकाने हंगाम ठरवायला लागलो तर धंदाच बंद करावा लागेल! मधल्या थंडीत बर्फ परत घट्ट झालंय. डॉक्टर आणि त्यांचे दोन मित्र येऊन बसलेत, मी त्यांना शब्द दिलाय. शनिवारी शेवटची चढाई. तुझी बोलणी खायची हौस नाही, म्हणून निवाऱ्यावर न येता नदीकाठाने परस्पर पायथ्याशी जातो. उतरताना मात्र येईन. सूप ठेव. पाय धुईन, शप्पथ.

तुझा,
धाकटा

१५ मार्च, वरचा निवारा

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

काल भर दुपारी धबधबा कोसळला. कपाटातल्या बश्या खाली आल्या. मी धावत कठड्यापर्यंत गेले. खाली नुसता चिखल, बर्फाची ढेकळं आणि त्यात त्या लोकांचा हिवाळाभराचा मैला. त्यात तुझी लाल टोपी शोधत होते मी. माझा भाऊ त्या घाणीखाली असेल, या विचाराने जी किळस आली ती शत्रूलाही न येवो.

समोरची वाट वाहून गेलीय, मला उतरता येत नाही. हाका मारून घसा बसला. तुझा भयंकर राग येतोय, तुझा आणि तुझ्या त्या शब्दाचा. पत्र कोणाला लिहितेय तेही कळत नाही. तू म्हणालास म्हणून सूप ठेवलं होतं. त्यावर बुळबुळीत साय धरलीय, तरी फेकवत नाही.

ताई

१५ मार्च, घर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आधी हे वाच: आम्ही चौघंही घरी सुखरूप आहोत.

पायथ्याशी कुऱ्हाड मारली तर बर्फ टणटण वाजलं नाही. तरी मी पुढे जाणारच होतो. तेवढ्यात डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला आणि इथे कुठलं गटार फुटलंय म्हणून विचारलं. मला काही म्हणजे काही वास येत नव्हता. त्यांच्या मित्रांकडे बघितलं, तर एकजण बाजूला जाऊन ओकत होता. मग मात्र तुझं पत्र आठवलं. दोर गुंडाळला. डॉक्टर जाम चिडले, एवढ्या लांब आणून परत नेतो म्हणून वाटेल ते बोलले. नदीच्या वळणाशी पोचलो आणि मागे सगळं खाली आलं.

पळताना घोटा मुरगळला, नाहीतर मीच वर आलो असतो. सामानवाला मागच्या लांबच्या वाटेने निघालाय. तू काय काय समजून बसली असशील, या विचाराने मला काल जेवण गेलं नाही. ताई, लोभ ठेव. आता लांबून नको.

तुझाच,
धाकटा

१७ मार्च, वरचा निवारा

चि. धाकट्यास, अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दारातच वाचलं. सामानवाल्याला वाटलं मी रडेन. मी रडले नाही, भडाभडा ओकले. तीन दिवस पोटात धरून ठेवलेलं सगळं दारात बाहेर आलं. सामानवाला फडकं आणायला धावला, त्याला म्हटलं राहू दे. सगळ्यांची काढते, आज माझी मी काढते.

डॉक्टरांना सांग, पुढच्या हंगामात त्यांना कोरी चादर आणि कोरा चमचा. हवं तेवढं हुंगा म्हणावं.

निवाऱ्याला कुलूप लावते आणि सामानवाल्याबरोबर खाली येते. तू दारात उभा राहा. पाय धुतलेले नसले तरी चालतील.

तुझी,
ताई