पितिकसाठी एक सही

फागाराश, २ ऑक्टोबर

प्रिय लुमिनिता,

तुझ्या बापाचा आशीर्वाद, घेणार असलीस तर. इकडे आम्ही बरे आहोत. आम्ही म्हणजे मी आणि माझा गुडघा. आलुबुखार यंदा फांद्या मोडेस्तोवर लागले. दारू गाळून झाली, दोन बाटल्या तुझ्या नावानं बाजूला ठेवल्यात. स्पेनमधली द्राक्षाची दारू म्हणजे सरबत, हे मी तुला न पिताच सांगतो.

दुकान बरं चाललंय. सायकलला काचा बांधून गावभर फिरणारा साबिन आता अर्ध्या गावाच्या खिडक्या बसवतो. वसंतात कुत्र्यांच्या आश्रमालाही सहा खिडक्या फुकट बसवून दिल्या. तिथेच तो भेटला.

नाव पितिक. म्हणजे चिमुकला म्हणे! अठ्ठावीस किलोचा आहे. तीन वर्षं सिमेंटच्या खोपट्यात काढलेली, घर कसलं ते ठाऊक नाही. दोघांनी नेला, दोघांनीही परत आणून सोडला. पुरुषमाणूस दिसला की मागच्या भिंतीला चिकटतो. मी दर रविवारी जाऊन बाहेर स्टुलावर बसतो आणि त्याला आठवड्याचे बाजारभाव सांगतो. अकराव्या रविवारी त्यानं माझ्या हातातून पाव घेतला. लुमि, घरी आल्यावरही मी तो हात धुतला नाही. हसू नकोस.

मला तो घरी आणायचाय. पण आश्रमाच्या क्रेत्सूबाई म्हणजे सरहद्दीवरचा पहारा. म्हणे, या कुत्र्याला अनुभवी घर हवं. मी फॉर्मवर लिहिलं, ‘अनुभव चाळीस वर्षं, नऊ कुत्री, सगळी साखळीला, एकानंही कधी आवाज चढवला नाही.’ बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “साबिनराव, हा अनुभव नाही, हा कबुलीजबाब आहे.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

आता त्यांना पत्र हवंय, माझ्याबरोबर एका घरात राहिलेल्या माणसाचं. त्यात एक ओळ असायलाच हवी: या घरात कोणी या माणसाला भिऊन राहत नव्हतं.

शेजारच्या नेलूला हे सांगितलं तर कुंपणाला धरून खिदळला. “अरे, तू आउराला मागणी घालायला गेलास, तेव्हा तिच्या बापानंसुद्धा एवढं विचारलं नव्हतं!” त्याची बायको पलीकडे चादरी वाळत घालत होती. हळूच म्हणाली, “विचारायला हवं होतं.” तिला वाटलं मला ऐकू गेलं नाही. माझे कान किती तिखट आहेत ते तुला माहीत आहे.

तुझी आई गेली, राहिलीस तू. मजकूर मी सोबत लिहूनच पाठवतोय. तू खाली सही करून क्रेत्सूबाईंच्या पत्त्यावर टाकून दे. धंद्यातही मी असंच करतो, समोरच्याचे कष्ट वाचवायचे. एखादी जुनीपुराणी गोष्ट आठवली तर ती मध्ये घालू नकोस. कागद लहान आहे. थंडीच्या आत झालं तर बरं, खोपट्यात पाणी गोठतं.

तुझा बाप,
साबिन

ता.क. सही जरा वाचता येईल अशी कर.


फागाराश, २९ ऑक्टोबर

लुमिनिता,

तुझं पत्र पोचलं. मला नाही, त्यांना.

शुक्रवारी क्रेत्सूबाईंनी बोलावून घेतलं. “तुम्ही वाचता की मी वाचू?” मी म्हटलं, चष्मा विसरलो. चष्मा खिशात होता. त्यांनी वाचलं. ‘वडिलांनी आम्हाला कधी उपाशी ठेवलं नाही. बूट, पुस्तकं, सगळं वेळेवर मिळालं. त्यांनी पाठवलेली ओळ मी लिहू शकत नाही.’ बस्स. एवढंच. तू चार पानं भरली असतीस, तर मला भांडता तरी आलं असतं.

तरी मी भांडलोच. आश्रमाच्या उरलेल्या सगळ्या खिडक्या बदलून देतो म्हटलं. नेलूची सही आणतो म्हटलं. बाईंनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, “साबिनराव, तुमचा जीव आहे त्याच्यावर, मला दिसतं. पण एक दिवस तुम्हाला राग येईलच. त्या दिवशी त्यानं जायचं कुठे?”

तू कुठे गेली होतीस ते मला माहीत होतं. खिट्टी मीच लावली होती.

तू नऊ वर्षांची. हिवाळ्यासाठी भरलेल्या झाकुस्का चटणीच्या बरण्यांचा ट्रे तुझ्या हातून अंगणात पडला. दुकानाचं मोठं गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि तू घाबरून हसलीस. मला वाटलं माझ्यावर हसलीस. दुपारी तुला तळघरात घातलं. दिवस कलला तेव्हा तुझी आई खिट्टीवर हात ठेवून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी सूप पीत होतो. “राहू दे,” म्हटलं. तिनं हात काढून घेतला.

बाहेर आलीस तेव्हा तू माझे आभार मानलेस. ‘दार उघडल्याबद्दल आभारी आहे, बाबा.’ मी ते आठवडाभर दुकानात कौतुकानं सांगत होतो, बघा, पोरीला कसं वळण लावलंय! लोक माना डोलवत होते. त्यातल्या एकानं तरी तोंडावर थुंकायला हवं होतं. पण सगळ्यांना खिडक्या उधारीवर हव्या होत्या.

ती एकदाचीच गोष्ट, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण माझ्या या कानांना आणखी एक गोष्ट रोज ऐकू यायची. मी फाटक लोटलं की स्वयंपाकघरातलं बोलणं थांबायचं. तू आणि आई काहीतरी बोलून हसत असायचात, आणि फाटक वाजलं की चिडीचूप. मी त्याला मान समजायचो. पितिकही तसाच. मी स्टुलावरून उठलो की तोंडातला घास चावायचा थांबतो.

पितिकला कार्तिशोआरा गावातल्या एका बाईंनी नेलं. जंगल खात्यातल्या माणसाची विधवा, तिच्याकडे दोन म्हाताऱ्या, शांत कुत्र्या आहेत. अशा कुत्र्याला कुत्रीच शिकवतात म्हणे. पोचवायला गाडी कुणाची? माझी. दुसऱ्या कुणाच्या गाडीत पिंजरा मावेना. वाटेत मी त्याला बाजारभाव सांगितले नाहीत. मागून आवाज नव्हता, श्वासाचासुद्धा.

त्या बाईंच्या अंगणात पिंजरा उघडला. बराच वेळ तो आत चिकटून बसला. मग त्यांतली एक म्हातारी कुत्री येऊन शेजारी आडवी झाली, त्याच्याकडे पाठ करून. तो बाहेर आला, तिला हुंगलं आणि त्याची शेपटी हलली. थोडीशीच. माझ्याकडे इतक्या रविवारांत हलली नव्हती. ती बाई म्हणाली, “आत या, कॉफी घ्या.” मी आत पाऊल टाकलं तसा तो तिच्या लाकडांच्या ढिगामागे गेला. मी कॉफी घेतली नाही.

त्या दिवसापासून तुला लिहितोय. दोन पत्रं फाडली. त्यांत तुला नको नको ते लिहिलं होतं. बापाशी असं वागतात का, वगैरे. कागद चांगला होता, फुकट गेला.

आता खरं लिहितो. तू सही केली असतीस, तर ती खोटी आहे हे मला पहिल्या नजरेत कळलं असतं. आणि तरी मी कुत्रा घेऊन आलो असतो. नेलूला दाखवत फिरलो असतो. तू सही केली नाहीस, बरं केलंस. क्षमा मागायची कशी असते मला माहीत नाही, शिकलोच नाही. तुझ्याकडून उत्तराची वाट बघणार नाही, असंही लिहिणार नाही. ते खोटं होईल.

तुझ्या आईनं सही केली असती. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं असतं, तरी केली असती.

साबिन